डोळा गेलाय, दुखणं उरलंय

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंनी त्यांच्या पाच वर्षांच्या बोक्याबद्दल लिहिलं आहे. नाव-गाव देत नाही. बोक्याला आपण गुंड्या म्हणू. गुंड्या दिवसभर घरात लोळतो आणि रात्री अंगणातून पसार होतो. दीड महिन्यापूर्वी दुसऱ्या बोक्याशी भांडून आला तेव्हा डावा डोळा मिटलेला होता, त्यातून पाणी गळत होतं. आपोआप बरं होईल म्हणून घरच्यांनी वाट पाहिली. सासूबाईंनी स्वतःच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले ड्रॉप्स त्याच्या डोळ्यात घातले. मग डोळ्यात फूल पडलं, नंतर मधोमध काळपट फुगवटा आला. डॉक्टरांनी औषधं देऊन पाहिली. आता ते म्हणतात की कॉर्नियाला भोक पडलंय, त्या डोळ्याला दिसत नाही, डोळा काढावा लागेल. घरात दोन तट पडलेत. नवऱ्याचं म्हणणं, "खातोय, उड्या मारतोय, मग कापाकापी कशाला?" सासूबाईंना हे पाप वाटतं. आठ वर्षांची मुलगी रडून रडून बेजार. ताई विचारतात: इतका क्रूर निर्णय मी त्याच्या वतीने कसा घेऊ? औषधांवर डोळा टिकवता येणार नाही का? त्याला भूल सोसेल का? आणि पुढे त्याला सांभाळायचं कसं?

ताई,

डोळा राहील की जाईल, चेहरा कसा दिसेल, लोक काय म्हणतील, हे सगळं तुमच्या पत्रात आहे. तो डोळा गुंड्याला किती दुखत असेल हे मात्र घरात कुणीच विचारलेलं दिसत नाही. तुमच्यावर ठपका ठेवत नाही. मांजर दुखणं दाखवत नाही, त्यामुळे आपल्याला ते सुचतच नाही. पण माझ्या मते सगळी चर्चा तिथून सुरू व्हायला हवी.

कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा. शरीरात जिथे संवेदना वाहणाऱ्या नसांची सर्वांत दाट जाळी आहे, अशा जागांपैकी ही एक. आपल्या डोळ्यात धुळीचा कण गेला तर आपण हातातलं काम टाकून नळाकडे धावतो. गुंड्याच्या कॉर्नियाला चक्क भोक पडलंय, आणि तो दीड महिना त्याच डोळ्यानिशी वावरतोय. तो ओरडत नाही, कारण दुखणाईत दिसणं मांजराच्या जातीला परवडत नाही. त्याऐवजी तो काय करतो ते पाहा. डोक्याच्या डाव्या बाजूला हात लावू देतो का? त्या बाजूचा गाल पूर्वीसारखा चाटून-पुसून स्वच्छ ठेवतो का? कान किंचित बाहेरच्या बाजूला पडलेले, मिशा ताठ, डोकं खांद्यांच्या पातळीखाली झुकवून बसलेला, असा दिसतो का? मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं मोजायची एक पद्धत प्रसिद्ध केली. त्यात कान, डोळ्यांभोवतीचा ताण, तोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण एवढंच पाहतात. घरी बसून कुणालाही जमेल असं आहे. आज संध्याकाळी तुम्ही आणि तुमचे मिस्टर दोघांनी त्याच्यापासून चार हात लांब बसून, त्याला न छेडता, थोडा वेळ नुसतं पाहा.

मिस्टरांचा मुद्दा मला खोडून काढायचा नाही, तो उलट तुमच्याच बाजूचा आहे. गुंड्या खातो, उड्या मारतो हे खरं. पण हे सगळं तो सध्या एकाच डोळ्यावर करतोय. डाव्या डोळ्याची नजर गेली असेल, तर एका डोळ्याने जगायला तो केव्हाच शिकलाय. ऑपरेशनमध्ये त्याची नजर जाणार नाही, ती आधीच गेलीय. जाईल ते दुखणं. एकदा हे ध्यानात आलं की क्रूर नेमकं काय, हा प्रश्न वेगळाच दिसायला लागतो.

अर्थात, 'नजर गेली असेल तर' यातल्या 'तर'वर सगळं उभं आहे, आणि तिथे मी तुम्हाला डोळे झाकून पुढे जा म्हणणार नाही. मी डॉक्टर नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांना तीन गोष्टी सरळ विचारा. या डोळ्यात उजेडाची काही जाणीव उरली आहे का, आणि ती कशी तपासली? भोक शिवून किंवा डोळ्याच्याच पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण त्यावर ओढून डोळा वाचवता येण्याजोगा आहे का? आणि थांबलो तर पुढच्या आठवड्याभरात काय होऊ शकतं? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. उजेडाची जाणीव असेल, भोक लहान असेल आणि आत पू झालेला नसेल, तर डोळा वाचवायची शस्त्रक्रिया हा खरा पर्याय असू शकतो. मात्र त्याला डोळ्यांच्या बारीक कामात हात बसलेला सर्जन लागतो. दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर तुमच्यासाठी शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय जवळचं. मुंबईकडच्या वाचकांना परळला पशुवैद्यक महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. जिल्ह्याची सरकारी पशुचिकित्सालयंही विचारून पाहण्यासारखी आहेत, पण तिथला बराचसा राबता गाईगुरांचा. तेव्हा मांजराला भूल देण्याची सोय आणि सवय आहे का, हे आधी फोनवर विचारून घ्या. दुसरं मत घ्यायचं तर दोन-तीन दिवसांत घ्या. भोक पडलेला डोळा दिवाळीपर्यंत थांबत नाही.

औषधांवर ठेवता येईल का, हा तुमचा प्रश्न. ठेवता येईल, पण ते कुणासाठी, हे मला विचारावंसं वाटतं. दिवसातून चार-सहा वेळा त्याला धरायचं, दुखऱ्या डोळ्यात थेंब घालायचे, त्याने तुम्हाला ओरबाडायचं, आणि हळूहळू तुम्ही खोलीत आलात की पलंगाखाली जायचं. आणि इतकं करून न दिसणारा, दुखणारा डोळा जागच्या जागी. ज्यांच्या मांजराला काचबिंदू होऊन डोळा सुजलाय आणि नजर गेलीय, त्यांनाही हेच लागू: आतला दाब वाढलेला डोळा सतत ठणकतो, आणि नजर गेल्यावर थेंबांनी ती परत येत नाही. आणखी एक गोष्ट फार कमी मालकांना सांगितली जाते. मार लागून आत फुटलेला आणि पुढे आक्रसून बारीक झालेला मांजराचा डोळा 'आता शांत झाला' म्हणून तसाच ठेवला, तर काही मांजरांमध्ये कित्येक वर्षांनी त्याच डोळ्यात कर्करोगाची गाठ होते. हे विरळा आहे, पण गाठ वाईट असते, आणि बाहेरून कळते तोवर उशीर झालेला असतो. एरवी निरुपद्रवी दिसणारा असा डोळाही काढून टाकावा, असं डॉक्टर सुचवतात ते म्हणूनच.

काचेचा डोळा बसवता येईल का, असं कुणीतरी विचारेलच. परदेशात सिलिकॉनचा गोळा आत बसवतात. त्याने दिसत काही नाही, तो फक्त आपल्या समाधानासाठी, आणि जंतुसंसर्ग झालेल्या जागेत परकी वस्तू ठेवणं म्हणजे नवं दुखणं विकत घेणं. सोडून द्या. आणि 'त्यापेक्षा सुई देऊन सोडवा' असं सांगणारा शेजारी भेटला तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला. धडधाकट पाच वर्षांच्या बोक्याचा एक डोळा जाणं हे मारून टाकायचं कारण नाही.

आता सासूबाईंच्या ड्रॉप्सचं. पत्रात तुमचा राग लपलेला नाही. मोतीबिंदूनंतरच्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असतं. माणसाच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याची सूज उतरवायला ते उपयोगी, पण कॉर्नियावर जखम असताना तेच जखम भरू देत नाही, उलट ती खोल जाऊ शकते. म्हणून ती बाटली डॉक्टरांना दाखवा, किती दिवस घातले ते सांगा, लपवू नका. पण डोळा त्यामुळेच गेला, असं कुणीही छातीठोक सांगू शकणार नाही. बोक्याच्या नखाने झालेली जखम आत जंतू घेऊन जाते, आणि ती नुसत्या वाट पाहण्यानेही चिघळते, आणि वाट सगळ्यांनीच पाहिली. घरातल्या एकाच माणसाने त्याच्यासाठी काही करून पाहिलं, ते चुकीचं निघालं. सासूबाई 'पाप' म्हणतात त्यात थोडी ही बोचही असेल. त्यांच्याशी धर्मशास्त्रावर वाद घालू नका. त्यांना दवाखान्यात सोबत न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर डोळा दाखवायला सांगा. स्वतः डोळ्याचं ऑपरेशन सोसलेल्या बाईला डोळ्याचं दुखणं तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर समजेल.

(बाकीच्या वाचकांसाठी: मांजराच्या डोळ्यात गुलाबपाणी, मध, आईचं दूध, कपाटातले जुने थेंब यांतलं काहीही घालू नका. मांजराने डोळा बारीक केला की त्याच दिवशी दवाखाना. जखमेवर हिरवा चमकणारा रंग टाकून जखम आहे का ते दोन मिनिटांत कळतं.)

भुलेची भीती रास्त आहे, ती कमी करायचे मार्गही आहेत. आधी रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, मूत्रपिंड, यकृत. गुंड्या मारामाऱ्या करणारा बोका आहे, तेव्हा चावण्यातून पसरणाऱ्या एफआयव्ही या विषाणूची तपासणीही त्याच रक्तात करता येते का विचारा. जखम भरण्यावर आणि पुढच्या काळजीवर त्याचा परिणाम होतो. पत्रावरून वाटतं की त्याची नसबंदी झालेली नाही. प्रकृती चांगली असेल तर ती याच भुलेत उरकता येईल का, हेही विचारून ठेवा. रात्रीच्या भटकंतीचं आणि भांडणांचं मूळ बरंचसं तिथेच आहे. रेबीजची लस राहिली असेल तर तिचाही दिवस ठरवा.

सर्जनशी बोलताना दोन गोष्टी काढा. मांजराच्या डोळ्यामागची नस आखूड असते, आणि दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूखाली एकमेकींना भेटतात. डोळा काढताना तो जोराने ओढला गेला तर ताण पार दुसऱ्या डोळ्याच्या नसेपर्यंत पोचून धडधाकट डोळ्याची नजर जाऊ शकते. सर्जनना हे ठाऊक असतंच, पण 'मांजराचे असे डोळे तुम्ही नेहमी काढता ना?' हे विचारण्यात काही गैर नाही. दुसरं, मांजरांना सर्रास दिल्या जाणाऱ्या केटामाइनच्या भुलेत डोळा उघडाच राहतो आणि पापणी लवत नाही. म्हणून उरलेल्या उजव्या डोळ्यात वंगणाचं मलम घालायला सांगा. डोळ्यामागे जागा बधिर करायचं इंजेक्शन आणि भूल उतरण्याआधीच वेदनाशामक, या दोन्ही गोष्टींनी पहिली रात्र पुष्कळ सुसह्य होते. खर्चाचा आकडा मी देत नाही, शहराशहरात तो फार बदलतो. पण तपासण्या, भूल, शस्त्रक्रिया, औषधं, टाके काढायची फेरी आणि काढलेला डोळा प्रयोगशाळेत पाठवायचा असल्यास त्याचे पैसे, असं वेगवेगळं लिहून मागा. बुबुळाचा रंग बदलत गेलेला किंवा आत गाठ दिसणारा डोळा असेल, तर प्रयोगशाळेच्या तपासणीवर काटकसर करू नका.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळपासून गुंड्याला खोलीत कोंडा. तो कितीही बोंबलला तरी दार उघडायचं नाही. मोठ्या मांजराला साधारण सहा ते आठ तास उपाशी ठेवायला सांगतात, पाणी सकाळपर्यंत चालतं. नेमकी वेळ तुमच्या डॉक्टरांची. पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत. आणि भटक्या बोक्याचा उपास फक्त बंद दारामागेच होतो, नाहीतर पहाटे तो शेजारच्या ओट्यावरचं दूध किंवा एखादा उंदीर हाणून येईल आणि भुलेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जायची. न्यायला घट्ट झाकणाची बास्केट घ्या, पोतं किंवा कापडी पिशवी नको. फार बिथरणारं मांजर असेल तर निघायच्या दोन-तीन तास आधी द्यायची शांत करणारी गोळी डॉक्टर देतात. ती स्वतःच्या मनाने देऊ नका.

परत आणाल तेव्हा काय दिसेल ते आधीच सांगून ठेवते. ज्या घरात हे कुणी सांगितलेलं नसतं, तिथे त्या संध्याकाळी हमखास रडारड होते. डाव्या भुवईपासून गालापर्यंतचे केस भादरलेले असतील आणि खालची फिकट गुलाबी कातडी पहिल्यांदाच दिसेल. डोळ्याच्या जागी खड्डा किंवा भोक नसतं. दोन्ही पापण्यांच्या कडा काढून त्या एकमेकींना शिवलेल्या असतात, म्हणजे नाकाजवळून कानाकडे जाणारी एक तिरपी रेघ आणि तिच्यावर दोऱ्याच्या लहान-लहान गाठी. रेघेच्या आजूबाजूचा भाग फुगलेला, जांभळट. डाव्या नाकपुडीतून गुलाबीसर पाण्याचा एखादा थेंब येईल. अश्रूंची नळी नाकात उतरते, तिथूनच ते येतं, एक-दोन दिवसांत थांबतं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्तच वाटेल, मग उतरू लागेल. उजव्या डोळ्याची बाहुली पहिल्या दिवशी मोठी आणि काळीभोर दिसली तर घाबरू नका, मांजरात काही वेदनाशामकांनी तसं होतं. मात्र दुसऱ्या दिवसानंतरही ती तशीच राहिली आणि तो भिंतींना धडकू लागला, तर लगेच फोन करा.

पहिल्या रात्री त्याला जमिनीवरच ठेवा. पाय लटपटतात आणि तरी तो कपाटावर चढायला बघतो. एक लहान खोली, मऊ पांघरूण, मंद दिवा, पाणी, शीचा ट्रे, एवढं पुरे. ट्रेमध्ये नेहमीची वाळू किंवा माती नको, तिची धूळ जखमेत जाते. टाके निघेपर्यंत वर्तमानपत्राच्या फाडलेल्या पट्ट्या घाला. खाणं थोडंसं, नेहमीच्या पावपट, मग तासाभराने आणखी. वास लागावा म्हणून किंचित कोमट करून द्या. उकडलेलं चिकन, मासा चालेल. मीठ-मसाला नको, आणि कांदा-लसूण तर मांजराला विषच.

कोनाचं सांगायचं तर, गळ्यातला तो प्लास्टिकचा कोन तुम्हाला काढावासा वाटणार आहे, आणि तो काढायचा नाही. पहिले दोन दिवस गुंड्या मागे-मागे चालेल, कोनाची कड दाराच्या चौकटीला अडकून मूर्तीसारखा थिजून उभा राहील, पाणी प्यायला वाकला की कोन वाटीच्या आधी फरशीला टेकेल आणि तो तुमच्याकडे असा बघेल की जणू तुम्हीच हे कारस्थान रचलंय. खोल वाटी काढून उथळ बशी ठेवा, ती एका उलट्या डब्यावर उंच करून. कोन बशीभोवती बसेल आणि तोंड पाण्यापर्यंत पोचेल. मांजराने मागच्या पंजाने एकदा खाजवलं तरी टाका तुटतो, आणि नेमकं ते तुम्ही वळून भाजी परतत असताना होतं. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तोवर कोन रात्रंदिवस. फारच हाल वाटले तर डॉक्टरांना मऊ कापडी कोनाबद्दल विचारा, पण त्याची कड डोळ्याच्या पुढे येते ना, हे बघून घ्या.

जखमेला हळद, डेटॉल, खोबरेल, काही लावू नका. डेटॉलसारखी जंतुनाशकं मांजराच्या अंगाला चालत नाहीत. चाटली तर आणखी वाईट. नाकाजवळ खपली आली तर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या गॉजने हलकेच टिपा, टाक्यांवर घासू नका. आणि ही ओळ फ्रिजवर चिकटवा: घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मांजराला कधीही नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. डॉक्टर बहुधा मेलॉक्सिकॅमचे मोजके थेंब देतील; ते खाण्यासोबत, सांगितले तेवढेच, आणि त्याने खाणं-पिणं सोडलं किंवा उलट्या झाल्या तर पुढचा डोस देण्याआधी फोन. गोळी देताना दुखावलेल्या मांजराने चावा घेतला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. घरचंच मांजर आहे म्हणून सोडून देऊ नका.

डॉक्टरांना कधी बोलवायचं? घरी आल्यावर चोवीस तासांत त्याने काहीच खाल्लं नाही, तर. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठून नवंच संकट उभं राहतं, आणि लठ्ठ बोक्यांना त्याचा धोका जास्त. शिवाय उतरलेली सूज पुन्हा वाढली, पिवळा-हिरवा स्राव किंवा दुर्गंधी आली, ताजं लाल रक्त थांबेना, किंवा टाका सुटून फट दिसली, तर.

तुमच्या लेकीला आधी सांगा. त्या संध्याकाळी दार उघडून तिला एकदम तो चेहरा दाखवू नका. कागदावर गुंड्याचं तोंड काढा, डाव्या डोळ्याच्या जागी रेघ मारा, आणि 'हा आता असा दिसणार, आणि त्याचं दुखायचं थांबणार' एवढंच सांगा. मुलं आपल्यापेक्षा लवकर सरावतात. तिला एक कामही द्या: गुंड्याच्या डाव्या बाजूने जाताना आधी त्याचं नाव घ्यायचं, मगच हात लावायचा. तो पुढे आयुष्यभराचा नियम आहे, पाहुण्यांनाही. न दिसणाऱ्या बाजूने अचानक हात आला की शहाणं मांजरही फिस्कारतं. गल्लीतली पोरं त्याला काणा म्हणतील, म्हणू देत. त्याला आरसा बघायची सवय नाही.

केस महिना-दोन महिन्यांत परत येतील. जागा थोडी आत बसेल. मांजराची नजर दोन्ही डोळ्यांनी मिळून साधारण दोनशे अंशांचा पट्टा व्यापते. डाव्या बाजूचा काही भाग आता दिसणार नाही, म्हणून तो मान जास्त फिरवेल. उडी मारण्याआधी डोकं खाली-वर करून अंतराचा अंदाज घेईल. एखादी उडी चुकेल. ओट्याखाली एक स्टूल ठेवा, फर्निचर उगाच हलवू नका. बाकी काम त्याच्या मिशा आणि कान करतील. अनेक घरांतून एकच गोष्ट ऐकायला मिळते: ऑपरेशननंतर दोन-तीन आठवड्यांत मांजर पुन्हा खेळायला लागलं, आणि ते खेळायचं कधी थांबलं होतं हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्याला पुन्हा रात्री बाहेर सोडायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण टाके निघाले की तो दारात बसून तुम्हाला विचारेल. माझं मत: नाही. डावीकडून येणारी मोटारसायकल त्याला उशिरा दिसेल, डावीकडून येणारा कुत्राही. आणि आता दुसऱ्या डोळ्यावर बोचकारा बसला तर पुढे डोळा उरणार नाही. पाच वर्षं बाहेर फिरलेला बोका पहिला महिना घर डोक्यावर घेईल, त्याला इलाज नाही. खिडक्यांना पक्की जाळी, एक उंच फळी जिथून अंगण दिसेल, रात्री जेवणाआधी दोरीमागे चांगलं पळवणं, आणि नसबंदी, यांवर बहुतेक बोके निवळतात. अंगण चारी बाजूंनी बंद करता येत असेल तर दिवसा, तुम्ही तिथे असताना, जरूर सोडा. उजवा डोळा दर वर्षी लशीच्या वेळी तपासून घ्या. तो कधी लाल दिसला, बारीक केला किंवा पाणी आलं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी न्या, रविवार असला तरी.